दुसऱ्या गियरचा सायलेन्सर

आमची जीप येतेय हे सगळ्यात आधी कावळ्यांना कळायचं, मग कुत्र्यांना आणि मग अख्ख्या डोंगराला.

माझ्या सासऱ्यांना याचा कोण अभिमान! चाळीस वर्षं ते याच जीपमधून गुरांवर उपचार करत हिंडले. उतारावर लांब लांब विखुरलेले गोठे, त्यात फोन लागला तर नशीब. म्हणून त्यांनी तरुणपणी सायलेन्सरमधले आवाज अडवणारे पडदे स्वतः कापून काढले आणि मागची नळी आखूड करून ती ड्रायव्हरच्या सीटखालीच संपवली. आवाज दोन वळणं आधी पोहोचायचा. गोठेवाले गुरं बांधून तयार राहायचे आणि थोरल्या डॉक्टरांचा वेळ वाचायचा. युक्ती नामी होती, हे मीही मान्य करते. नऊ वर्षांपूर्वी गुडघे दुखतात म्हणून त्यांनी काम सोडलं आणि औषधांची पेटी, सगळे गोठे आणि ही जीप माझ्या पदरात टाकली. सून म्हणून आले होते, धाकटी डॉक्टर होऊन बसले.

मागच्या महिन्यात माथ्यावरच्या मावशींची बांडी गाय आजारी पडली. मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. वयामुळे आणि जिभेमुळे सगळेच त्यांना मावशी म्हणतात. बांडी विऊन तीन आठवडे झाले होते. तिनं खाणं सोडलं होतं आणि दूध निम्म्यावर आलं होतं. अशा वेळी आमच्या धंद्यात एक गोष्ट आधी बघायची असते. गायीच्या पोटाचा चौथा कप्पा कधीकधी हवेनं फुगतो, जागचा सुटतो आणि डाव्या कुशीत वर येऊन तरंगतो. ओळखायची रीत साधी आहे. कुशीला स्टेथोस्कोप लावायचा आणि शेजारच्या फासळीवर सणसणीत टिचकी मारायची. कप्पा सरकला असेल तर आत 'टिंग' होतं, रिकाम्या स्टीलच्या कॅनवर नखानं वाजवावं तसं. बारीक, उंच, क्षणभराचा आवाज. कप्पा जागेवर असेल तर नुसतं 'थप्प'.

मी दहा टिचक्या मारल्या. दहाही वेळा थप्प. अपचनाचं औषध दिलं, मावशींना धीराचे दोन शब्द दिले आणि डोंगर हादरवत परत आले.

दोन दिवसांनी जीप क्लचच्या कामाला गेली होती, म्हणून दूध गोळा करणाऱ्या व्हॅनमध्ये बसून माथ्यावर गेले. बांडी आणखी उतरली होती. पहिलीच टिचकी मारली आणि टिंग! इतकं स्वच्छ की मी दचकलेच. त्याच दुपारी उभ्या गायीचं पोट उघडून कप्पा जागेवर बसवला आणि आतून टाचून टाकला. बांडी वाचली, पण दोन दिवस तिनं फुकट सोसलं. मावशी मला काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हा कप्पा कधीकधी आपणहून आत-बाहेर करतो. परवा तो जागेवर असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण खोटं बोलायचंच तर निदान दुसऱ्याशी बोलावं. घरी आल्यावर रिकामा दुधाचा कॅन अंगणात ठेवला, त्याला स्टेथोस्कोप लावला आणि टिचकी मारली. टिंग. क्लच नीट होऊन जीप आली, तशी तासभर चालवून आले आणि परत टिचकी मारली. थप्प. दीड तास गप्प बसून राहिले. टिंग.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ऐकू येणं अजून गेलेलं नाही. रोज जातंय आणि रोज परत येतंय. एक दिवस परत यायचं नाही."

घरी येताना मी रडले, हे इथेच सांगून टाकते. बायकांना धंदा नीट जमत नाही असं म्हणणारे लोक नऊ वर्षांत मी एकेक करून गप्प केले होते. आता माझेच कान मला गप्प करायला निघाले होते. माझं काम म्हणजे अर्धं हात आणि अर्धं कान. त्यातलं अर्धं गेलं तर उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं? गायीला तोंडानं थोडंच सांगता येतं?

सकाळच्या चहाला मी जाहीर केलं, "मी जीपला कमी आवाजाचा सायलेन्सर बसवतेय."

"काय?" बाबा म्हणाले. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. त्यांना सगळं दोनदा सांगावं लागतं.

मी मोठ्यानं परत सांगितलं.

"मग तू येतेस हे लोकांना कळणार कसं?"

"दिसेल की त्यांना."

"दिसेपर्यंत गुरं गेलेली असतात चरायला! आवाजच काढून टाकला तर ती जीप कसली? हातगाडी ढकलत जा त्यापेक्षा."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी काही बोलणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "कानात बोळे घालून चालव ना." माझा नवरा घड्याळजी आहे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून काम करतो. असल्या बापाच्या पोटी जन्मल्यावर माणूस शांतच धंदा निवडणार.

"घातले होते," मी म्हटलं. "वळणावर समोरून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही. तुला दुसरी बायको शोधावी लागली असती."

"मग सायलेन्सरच बदल," तो लगेच म्हणाला आणि बशीतला चहा संपवला.

बाबा उठून आत गेले. परत आले तेव्हा पायात बूट होते. "मीही येतो. तो पुंगीवाला तुला फसवेल."

सायलेन्सरला आमच्याकडे पुंगी म्हणतात आणि तो बसवणाऱ्याला पुंगीवाला. त्यांचं वर्कशॉप म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. छताला सायलेन्सर टांगलेले, एका भिंतीशी वाकवलेल्या नळ्या उभ्या, मध्ये गाडीखाली उतरायला खड्डा. ते स्वतः बुटके, कपाळावर वेल्डिंगचा चष्मा चढवलेले. मी काय हवं ते सांगितलं, तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"कमी?"

"कमी."

"बाई, वीस वर्षं या खड्ड्यात काढली. 'जरा घुमला पाहिजे', 'गल्ली हलली पाहिजे', हेच ऐकत आलोय. कमी आवाज मागणारं गिऱ्हाईक आज बघितलं. बसा, आधी चहा घ्या."

मग ते जीपखाली शिरले आणि बराच वेळ आले नाहीत. बाहेर आले ते चिडूनच. "आतले पडदे कुठल्या गाढवानं कापले?"

"काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

"काम सफाईदार आहे म्हणतायत," मी सांगितलं.

बाबा खूश झाले.

पुंगीवाल्यांनी टेबलावर तीन सायलेन्सर मांडले. पहिला चकचकीत, तोंड एवढं रुंद की त्यात मांजर व्यालं असतं. नाकापेक्षा मोती जड. तो मी हात न लावताच बाद केला. दुसरा सडपातळ, आत सरळ भोकांची नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर ठासलेली. तिसरा म्हणजे नुसता काळा, चपटा, जाडजूड डबा. आत पडदे आणि खण. वजनाला दुसऱ्याच्या दुप्पट. दिसायला अगदीच ओबडधोबड.

दुसरा त्यांनी तात्पुरता जोडून इंजिन चालू केलं आणि मी हरखून गेले. जीप चालू आहे हे कळायला मला बॉनेटवर हात ठेवावा लागला. "हाच!" मी म्हटलं.

"चालवून तर बघा."

"बघायचं काय त्यात? ऐकू येतंय ना. म्हणजे, येत नाहीये."

"बाई, उभी गाडी म्हणजे पाहुण्यांसमोरचं पोर. शहाणंच असतं."

मी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला, बाबांना शेजारी बसवलं आणि दगडखाणीच्या चढावर जीप घातली. सपाटीला ती लोण्यासारखी चालली. चढ लागला, दुसरा गियर टाकला आणि पायाखालून एक घुमणं सुरू झालं. मोठं नव्हतं, पण जाड होतं. ते डोक्यात शिरून बसलं, दातांत उतरलं, कॅनव्हासचं छप्परही त्याच्याबरोबर थरथरायला लागलं. पंधरा मिनिटांनी मी परत आले ती कानशिलं दाबतच. वर्कशॉपच्या दारात एक रिकामा पिंप होता. त्याला स्टेथोस्कोप लावून टिचकी मारली. थप्प नाही, पण टिंगही नाही. मधलंच काहीतरी. नुसत्या दिसण्यावर आणि पहिल्या आवाजावर भाळायचं नाही, असा कानाला खडा लावला.

पुंगीवाले हसले नाहीत, ही त्यांची भलमनसाई. त्यांनी विचारलं, "तुमचा दिवस कुठल्या गियरमध्ये जातो?"

असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी मनातल्या मनात सगळे रस्ते फिरून आले. मावशींचा चढ, नदीकडचा उतार, दगडी वाट. "दुसऱ्या," मी म्हटलं. "सगळा दिवस दुसऱ्याच गियरमध्ये."

"मग हे आधी सांगायचं ना! लोकरवाला सायलेन्सर पळणाऱ्या गाडीला बरा. तो किरकिर खातो, पण घुमणं खात नाही. तुम्हाला चढणाऱ्या गाडीचा पाहिजे." त्यांनी काळा डबा उचलला. "नदीत पाणी कुठवर येतं?"

"बंपरच्या थोडं खाली."

"दगड?"

"भरपूर."

दुपारभर काम चाललं. डबा त्यांनी चॅसीच्या दोन दांड्यांमध्ये वर दाबून बसवला, म्हणजे दगड लागणार नाही. त्याच्या पुढे एक लहान डबा जोडला, ते घुमणं गिळायला खास. नळी लांब करून मागच्या चाकामागून उंचावर बाहेर काढली, म्हणजे आवाजही मागे आणि धूरही मागे. जोड पक्का झाला का ते बघायला त्यांनी माझा स्टेथोस्कोप मागून घेतला, छोट्या बाजूनं एकेक जोड ऐकला आणि एका ठिकाणी फुसफुस सापडली म्हणून परत वेल्डिंग केलं. "हे यंत्र आम्हाला आधी का नाही कोणी दाखवलं?" असं म्हणत तो बराच वेळ त्यांनी गळ्यातच ठेवला. मला तो परत काढून घ्यावा लागला.

पुन्हा दगडखाण. पुन्हा दुसरा गियर. मी घुमणं सुरू व्हायची वाट बघत होते. चढ संपला तरी ते आलं नाही. इंजिनाची आपली कामापुरती धडधड तेवढी होती. मी मुद्दाम तासभर हिंडले. परत येऊन स्टेथोस्कोपची चकती मोठ्या बाजूला फिरवली, पिंपाला लावली आणि टिचकी मारली.

टिंग.

मी पुंगीवाल्यांचे दोन्ही हात धरून हलवले. त्यांच्या हाताचं काळं माझ्या हाताला लागलं, याचं त्यांनाच वाईट वाटलं. त्यांना परत एकदा जोड ऐकायचे होते, म्हणून स्टेथोस्कोप पुन्हा त्यांच्याकडे गेला. त्यांनी तो पिंपावर ठेवल्यावर बाबांनी उचलला.

"बघू," बाबा म्हणाले. नळ्या कानात घातल्या, चकती पिंपाला लावली आणि टिचकी मारली. काय टिचकी होती! चाळीस वर्षांचं बोट. नुसत्या हवेतून मलाही ऐकू आली. ते मान हलवून म्हणाले, "छान. ठणठणीत वाजतंय."

माझं लक्ष चकतीकडे गेलं. स्टेथोस्कोपच्या चकतीला दोन बाजू असतात. फिरवली की एक उघडते आणि दुसरी मुकी होते. पुंगीवाल्यांनी ती छोट्या बाजूला फिरवून ठेवली होती आणि बाबांनी पिंपाला मोठी बाजू लावली होती. त्यातून कोणालाच काही ऐकू येणं शक्य नव्हतं. कानाला लावण्याआधी चकतीवर बोट वाजवून बघावं, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं कोणी? बाबांनीच.

घरी निघालो. बाबा शेजारी बसले होते. नऊ वर्षांत आम्ही दोघं या जीपमधून शेकडो वेळा गेलो असू, पण तिच्यात कधी बोललो नव्हतो. बोलणं शक्यच नव्हतं. मी दुसऱ्या गियरमध्ये चढ चढत होते.

"चकती उलटी होती," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"हाताला कळलं मला. पण ती सुलटी असती तरी काही ऐकू आलं नसतं. ते तुला कळू नये म्हणून बोललो."

"बाबा, मला —"

"ऐक. मी गुडघ्यांसाठी काम सोडलं नाही. नदीपलीकडच्या एका गायीला पाच वेळा टिचकी मारली. काही नाही म्हणून सांगितलं आणि परत आलो. चार दिवसांनी ती गेली. पोट उघडून बघितलं तर कप्पा हा एवढा फुगून वर आलेला." त्यांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. "तेव्हाच समजलं मला. हेही समजलं की हे या जीपनं केलंय. आणि तरीही किल्ली तुझ्या हातात दिली. पुंगी बदलून द्यायला हवी होती. बदलली असती तर लोकांनी विचारलं असतं, का म्हणून. लाज वाटली मला."

मी जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मला राग आला. चांगलाच आला. नऊ वर्षं हा माणूस मला सगळं दोनदा बोलायला लावत होता, आणि मला वाटायचं म्हातारपण! मी म्हटलं, "तुमच्या लाजेपायी माझे कान गेले असते, बाबा. माझं कामच गेलं असतं."

"हो," ते म्हणाले.

स्वतःची बाजू मांडली नाही, गुडघे काढले नाहीत, लोकांच्या सोयीचं पुराण लावलं नाही. नुसतं हो. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी हे हळू आवाजात बोलले होते, आणि माझ्या तोंडाकडे बघत त्यांना ते पहिल्याच वेळी कळलं होतं. राग तिथेच अर्धा उतरला. उरलेला अर्धा मी राखून ठेवला, कारण तो माझ्या हक्काचा होता.

"उद्यापासून रोज माझ्याबरोबर यायचं," मी म्हटलं. "घरी बसून लोकांना 'आली बघा माझ्या सुनेची जीप' सांगायचं बंद."

"मी येऊन काय करू?"

"हॉर्न वाजवा. गोठेवाल्यांना कळायला नको का?"

दुसऱ्या दिवशी बांडीचे टाके काढायचे होते. मावशींच्या दोन वळणं अलीकडे बाबांनी हॉर्नवर तळहात दाबला तो उचलेचनात. हे काम त्यांना किती आवडलं ते मी सांगत बसत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा मावशी गोठ्याच्या दारात दोर घेऊन उभ्या होत्या.

"जीप कुठं टाकली?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासमोरच उभी आहे, मावशी."

त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "आजारी आहे का?"

टाके निघाले. जखम कोरडी होती, बांडी रवंथ करत होती, दूध चढलं होतं. राहिली होती ती एकच गोष्ट. टाचलेला कप्पा कधीकधी पुन्हा सुटतो. मी स्टेथोस्कोप कानात घातला आणि माझे हात थांबले. काही ऐकू आलं नाही तर मी काय समजायचं? मागच्या वेळीही काही ऐकू आलं नव्हतं.

बाबांना ते सांगावं लागलं नाही. त्यांनी गोठ्याच्या कोपऱ्यातला रिकामा कॅन उचलून आणला आणि माझ्यासमोर धरला. मी चकतीवर बोट वाजवून बघितलं, ती कॅनला लावली. त्यांनी टिचकी मारली. टिंग! तास-दीड तास जीप चालवून आलेल्या कानांत, टिंग.

मग चकती बांडीच्या डाव्या कुशीला लावली. माझी टिचकी बरी आहे, पण बाबांची ती बाबांची. ते फासळीवर टिचक्या मारत पुढे सरकत गेले आणि मी ऐकत मागून गेले. थप्प. थप्प. थप्प. शेवटच्या फासळीपर्यंत थप्प. बांडीनं मान वळवून, हे काय लावलंय, अशा नजरेनं आमच्याकडे बघितलं.

मी नळ्या कानातून काढल्या. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. बोट अजून हवेतच होतं.

"काही नाही," मी म्हटलं.

हळूच म्हटलं होतं. त्यांनी 'काय' म्हणून विचारलं नाही.